पांथस्थाची वस्ती : नांदेड-लातूर भागांतील जुनीं उतारस्थानें

पोथी कोठें सांपडली हें आपण संग्राहक मोठ्या काळजीनें टिपून ठेवितों. ती कोठें लिहिली गेली हें समाप्तिलेखांत असल्यास तेंही उतरून घेतों. पण लिहिण्याचें स्थान आणि सांपडण्याचें स्थान यांच्या दरम्यान जो प्रवास झाला, त्यांत ती पोथी आणि तिचा धनी रात्रीं कोठें उतरत होते, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः मनुष्य व ग्रंथ दोघेही दिवसा चालत आणि रात्रीं थांबत. आणि ग्रंथाच्या दृष्टीनें चालण्यापेक्षां थांबणेंच अधिक महत्त्वाचें. वाटेनें चालतां चालतां कोणी नक्कल करीत नाहीं. नकला झाल्या, पाठ ताडून पाहिले गेले, पोथ्यांची देवघेव झाली, तें सर्व मुक्कामांत. म्हणून नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या प्रदेशांत पांथस्थ कोठें उतरे, त्यास काय मिळे, त्याची नोंद कोण ठेवी, आणि त्या नोंदींचें पुढें काय झालें, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक समजूत बाजूस सारली पाहिजे. जुनें उतारस्थान म्हटलें कीं आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढें जुनें हॉटेल उभें राहतें. मुंबईचें वॉट्सन हॉटेल हें त्याचें उत्तम उदाहरण. ओतीव लोखंडाचा सांगाडा विलायतेहून आणून एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत तें उभारण्यास आरंभ झाला, आणि ७ जुलै १८९६ रोजीं ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें हिंदुस्थानांत प्रथम तेथेंच दाखविण्यांत आलीं. परदेशीं अशा वास्तूंचें कौतुक फार. कैरो शहरीं सुलतान घोरी यानें इ. स. १५०४-०५ च्या सुमारास बांधलेली वकाला आहे. खालीं वखारी, वर व्यापाऱ्यांच्या खोल्या, मध्यें चौक, असा तिचा थाट. इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा येथें सम्राट दुसरा मेनेलिक याची राणी ताइतू हिनें एक हॉटेल काढलें. तें त्या देशांतील पहिलें मानितात. राजधानीच्या भर वस्तींतील त्या जुन्या घरांत एक रात्र काढावी म्हणून दूरदूरचे प्रवासी तेथें उतरत आले, आणि जानेवारी १९१५ नव्हे, तर अगदीं अलीकडे, जानेवारी २०१५ मध्यें, त्याचा बराच भाग आगींत जळाला तेव्हां त्याची हळहळ देशोदेशीं झाली. (हबसाण हा मलिक अंबराचा जन्मदेश. ज्या निजामशाहीचा तो सूत्रधार, त्याच निजामशाहीचा आमचा कंधारचा किल्ला मोगलांनीं १६३१ मध्यें घेतला. तेव्हां त्या देशाशीं या भागाचें नातें अगदींच नाहीं असें नाहीं. पण तें हॉटेलाचें नव्हे, किल्ल्याचें आहे.)

आमच्या भागांत उतारस्थान म्हणून स्वतंत्र उभें राहिलेलें आणि स्वतःच्या नांवानें गाजलेलें असें घर शोधूं गेल्यास निराशा पदरीं येते. येथें पांथस्थाची जागा नेहमीं दुसऱ्या कशाच्या तरी आश्रयानें असे. देवळाची ओवरी, मठाची पडवी, गांवची चावडी, दर्ग्याचें आवार, आडत्याच्या दुकानाचा ओटा, हीं सर्व उतारस्थानेंच; पण त्यांपैकीं एकाचेंही मुख्य काम उतरवून घेण्याचें नव्हे. यामुळें त्यांचा इतिहास दगडमातींत थोडा आणि शब्दांत व कागदांत अधिक राहिला आहे.

शब्दच पाहा. जुन्या मराठींत मुक्कामास ‘पेणें’ म्हणत. ग्रांथिक मराठींतून तो शब्द पुढें गेला आणि त्याची जागा अरबी ‘मुक्काम’ यानें घेतली. ‘उतारा’ व ‘उतारू’ हे शब्द वाहनावरून, ओझ्याखालून किंवा नावेंतून उतरण्याच्या क्रियेपासून निघाले. आगगाडीच्या काळांत ‘उतारू’ म्हणजे गाडींत बसलेला मनुष्य असा विपरीत अर्थ झाला, ही गंमत वैयाकरणांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे. ‘सराई’ हा फारसी शब्द मूळचा वाड्याचा किंवा महालाचा वाचक. ‘सत्र’ म्हणजे वेदकाळीं अनेक दिवस चालणारा सोमयाग. पुढें त्याच शब्दानें पांथस्थांस व ब्राह्मणांस अन्न घालण्याची कायमची व्यवस्था दर्शविली जाऊं लागली, आणि कन्नड व तेलुगु मुलखांत तर अन्न व आसरा देणाऱ्या घरालाच तें नांव अपभ्रष्ट रूपानें चिकटलें. नांदेडचा पूर्व भाग तेलुगूस आणि उदगीर-निलंगा हा भाग कन्नडास लागून असल्यानें हे तिन्ही प्रवाह येथें एकत्र झाले आहेत.

या भूमीचा सर्वांत जुना प्रवासविषयक पुरावा मात्र घराचा नसून वाटेचा आहे. वाशीम येथें १९३९ मध्यें उजेडांत आलेला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट त्याच्या राज्यवर्ष ३७ चा आहे. त्यांत दान दिलेलें गांव ‘नांदीकड’ याच्या उत्तर मार्गांत असल्याचें म्हटलें आहे. नांदीकड म्हणजे नांदेड, हें संशोधकांस मान्य आहे. ‘मार्ग’ हा तेथें प्रांतविभागाचा वाचक असला तरी ज्या काळीं विभागाला वाटेचें नांव देत, त्या काळीं कारभाराची दृष्टि वाटेवर खिळलेली होती, एवढें अनुमान करण्यास आम्हांस हरकत दिसत नाहीं. लातुराविषयीं असा लेख नाहीं. राष्ट्रकूटांच्या ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ या बिरुदांतील लट्टलूर म्हणजे लातूर, हें प्रसिद्धच आहे. पण बिरुदावरून नगराचें मोठेपण कळतें, तेथें परक्या मनुष्यास रात्रीं आसरा कोठें मिळे तें कळत नाहीं.

तें कळण्यास गोदावरीनेंच वर, नाशिकाकडे जावें लागतें. तेथील पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याचा लेख आहे. त्यानें भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक या चार ठिकाणीं चतुःशाला, आवसथ व प्रतिश्रय बांधून दिले, आणि तापी, दमणगंगा आदि नद्यांवर फुकट नावा ठेविल्या, असें त्यांत नमूद आहे. निवारा आणि नाव हीं दोन दानें एकाच दमांत सांगितलीं आहेत याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधतों. नदीकांठच्या गांवीं पांथस्थाचा मुक्काम बहुधा नावेच्या प्रतीक्षेंतून उत्पन्न होतो, आणि नांदेडच्या बाबतींत पुढें हेंच दिसून येईल. चतुःशाला म्हणजे मध्यें चौक व चारी बाजूंस ओसऱ्या. हाच आराखडा पुढें मठ, धर्मशाळा, सराई आणि वर सांगितलेली कैरोची वकाला या सर्वांत कायम राहिलेला आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नागरिकाच्या, म्हणजे नगराधिकाऱ्याच्या, प्रकरणीं जे नियम आहेत ते याहूनही उद्बोधक आहेत. धर्मावसथाच्या व्यवस्थापकानें पाखंडी व वाटसरू यांची वर्दी देऊनच त्यांस ठेवून घ्यावें. कारागिरांनीं आपल्या धंद्याच्या जागीं आपल्याच व्यवसायाच्या माणसांस व व्यापाऱ्यांनीं परस्परांस उतरवून घ्यावें. शिजविलेला भात किंवा मांस विकणारांनीं ओळखीच्याच मनुष्यास थारा द्यावा, असा त्याचा आशय आहे. या ग्रंथाची पोथी म्हैसुरास शामशास्त्री यांच्या हातीं आली व १९०९ मध्यें तो छापून निघाला, हें संग्राहकांस सांगणें नको. उतारूची नोंद ठेवण्याची चाल इंग्रजांनीं आणिली अशी समजूत आहे. ब्रिटिश मुलखांत सरायांसंबंधीं १८६७ चा कायदा झाला आणि त्यानें सराईची नोंदणी आवश्यक केली, हें खरें. परंतु कल्पना त्याहून फार जुनी आहे. आणि ‘व्यापाऱ्यांनीं परस्परांस उतरवून घ्यावें’ हें वाक्य तर लातूरच्या गंजांत उभें राहून लिहिल्यासारखें वाटतें. त्याविषयीं पुढें येईलच.

मध्ययुगांत देवालयास जमीन देतांना तिच्या उत्पन्नाचा कांहीं भाग सत्रासाठीं लावून देण्याची चाल उत्तरकालीन चालुक्यांच्या लेखांतून दिसते. यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें चतुर्वर्गचिंतामणीच्या दानखंडांत पांथस्थांस आसरा बांधून देण्याच्या दानाचा परामर्श घेतला आहे. हेमाद्रीचें नांव घेतलें कीं लोकांस देवळांचे दगड आठवतात. त्या देवळांच्या ओवऱ्यांत कोणी निजावें हाही त्याचा विषय होता.

याच काळांतील महानुभावांचें वाङ्मय आमच्या विषयास सर्वांत उपकारक. श्रीचक्रधरांचें सर्व आयुष्य परिभ्रमणांत गेलें. त्यांच्या लीळा जेथें जेथें घडल्या त्या स्थानांची नोंद ‘स्थानपोथी’ या ग्रंथांत मोठ्या बारकाईनें केलेली आहे. आणि त्या पंथानें या नोंदीसाठीं परिभाषाच बनविली. क्षणभर बसणें झालें तें आसन, एक रात्र राहणें झालें ती वसती, अधिक काळ राहणें झालें तें अवस्थान. देऊळ कोणत्या तोंडाचें, वसतीची जागा त्याच्या कोणत्या अंगास, हें सांगण्याची तेथें रीत आहे. तेराव्या-चौदाव्या शतकांतील महाराष्ट्रांत परका मनुष्य रात्रीं कोठें पाठ टेकी, याचा याहून विश्वसनीय दाखला आम्हांस माहीत नाहीं. आणि तो दाखला एकमुखानें सांगतो कीं, ती जागा बहुधा देवळांत किंवा मठांत. नांदेड जिल्ह्यांतील माहूर हें या पंथाचें मोठें क्षेत्र. तेथें किंवा अन्यत्र महानुभावी पोथी हातीं लागल्यास ‘वसती’ व ‘अवस्थान’ हे शब्द साधे समजून पुढें जाऊं नये, एवढी सूचना करून ठेवितों.

मोगलाई अमलांत सुरत-औरंगाबादेहून गोवळकोंड्यास जाणारा व्यापारी रस्ता नांदेडवरून जात असे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये यानें त्या वाटेचे टप्पे दिले आहेत. त्यांतील ‘नादूर’ म्हणजे नांदेड असें मानितात. तेथें नदी ओलांडावी लागते, दर गाड्यामागें चार रुपये द्यावे लागतात, आणि शिवाय सुभेदाराचा परवाना घ्यावा लागतो, असें तो सांगतो. चार रुपये ही त्या काळीं लहान रक्कम नव्हे. पण आमच्या मतें परवान्याचा उल्लेख पैशापेक्षां महत्त्वाचा आहे. परवाना म्हटला कीं कचेरी आली, कचेरी म्हटली कीं खोळंबा आला, आणि खोळंबा म्हणजेच मुक्काम. शिवाय पावसाळ्यांत गोदावरी भरली म्हणजे परवाना हातांत असूनही बसून राहणें भाग. नांदेड हें जें शास्त्राध्ययनाचें पीठ झालें, काशीच्या प्रसिद्ध शेष घराण्याचें मूळ जें येथें सांगतात आणि वामन पंडितासारखा कवि जो या गांवचा म्हणून परंपरा मानिते, त्याचें श्रेय क्षेत्रमाहात्म्यास द्यावयाचें तें द्यावें. पण पंडितांस व पोथ्यांस येथें थांबावें लागे, हेंही त्याचें एक कारण असावें असें आम्हांस वाटतें.

बादशाही रस्त्यांवरील सराई कशी असे हें पाहावयाचें तर अजिंठ्याच्या लेण्यांजवळील फर्दापूरची सराई पाहावी. उंच भिंतीचें चौकोनी आवार, बंद करतां येईल असा भव्य दरवाजा, आंत चारी बाजूंस कमानींच्या कोठड्या. स्वयंपाक करून देणाऱ्या भटियाऱ्यांची सोय अशा ठिकाणीं असे. सूर्यास्तास दरवाजा लागे, म्हणून व्यापारी निर्धास्त झोपत. गांवच्या ओवरीस अशी भिंत नव्हती. तेथें संरक्षण म्हणजे गांवचा वेसकर आणि देवाची भीति.

इ. स. १७०८ मध्यें बहादुरशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेंत आलेले गुरु गोविंदसिंग यांनीं त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत नांदेड येथें देह ठेविला, आणि या गांवच्या उतारस्थानांचा इतिहास तेथून पालटला. महाराजा रणजितसिंगानें १८३२ ते १८३७ या काळांत तेथें सध्याचें मंदिर बांधविलें. निजामाचा दिवाण राजा चंदुलाल याच्या मागणीवरून रणजितसिंगानें पंजाबी पथकही दक्षिणेंत पाठविलें होतें. तेव्हांपासून पंजाबापासूनचा यात्रेकरू गोदातीरीं येऊन राहूं लागला. त्याच्यासाठीं लंगर व निवास यांची जी व्यवस्था झाली ती या भागांतील पूर्वीच्या सर्व उतारस्थानांहून एका बाबतींत मूलतः निराळी होती : तेथें पंगत एक होती.

ही गोष्ट किती मोठी, हें कळण्यासाठीं आमच्या धर्मशाळांतील व्यवहार डोळ्यांपुढें आणिला पाहिजे. धर्मशाळेंत पांथस्थास मिळे ती जमीन, छप्पर, आडाचें पाणी आणि कोनाड्यांतील दिवा. फार तर शिधा. शिधा म्हणजे कोरडें धान्य : पीठ, डाळ, मीठ, क्वचित् तूप. शिजविलेलें अन्न नव्हे. कोणाच्या हातचें कोणी खावें याचे निर्बंध इतके होते कीं ज्यानें त्यानें तीन दगड मांडून आपली चूल पेटवावी हाच निर्वेध मार्ग. जुन्या ओवऱ्यांच्या काळवंडलेल्या भिंती पाहून हळहळणारे पुष्कळ असतात. तो धूर दुर्लक्षाचा नसून शेंकडों निरनिराळ्या चुलींचा आहे. येथें हॉटेल कां निपजलें नाहीं याचें उत्तर त्या काजळींतच आहे. मुक्कामास बहुधा तीन दिवसांची मर्यादा असे. मुसलमानी शिष्टाचारांतही पाहुणचाराचे तीनच दिवस मानिले आहेत, हें साम्य सहज आठवलें म्हणून नमूद करितों.

आणि ज्यांस ओवरीतही जागा नव्हती त्यांचें काय? गांवच्या महाराकडे वेस राखणें, आल्यागेल्याची खबर पाटलास देणें, पांथस्थास पुढच्या गांवापर्यंत वाट दाखविणें, त्याचें ओझें वाहणें हीं कामें असत. म्हणजे परक्या मनुष्याचा या गांवांतला पहिला आधार तोच. पण तोच मनुष्य स्वतः प्रवासास निघाला तर धर्मशाळेच्या पायरीवरही त्यास बसतां येत नसे. आपल्या जातीची वस्ती शोधावी किंवा झाडाखालीं पडावें. धर्मशाळेच्या दात्यांचीं नांवें कोरलेल्या शिळा आम्ही हौसेनें वाचतों, तेव्हां हा मजकूर त्या शिळेवर नाहीं याचेंही भान ठेवणें इतिहासकाराचें कर्तव्य आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यानें हा निर्बंध दंडनीय केला. त्या कायद्यांत धर्मशाळा, सराई व मुसाफिरखाना हे तिन्ही शब्द शेजारीं शेजारीं आले आहेत. तीन परंपरांचीं उतारस्थानें एका ओळींत आणून उभीं करण्याचें काम शेवटीं कायद्यानें केलें.

आगगाडीनें वाट बदलली आणि वाटेबरोबर मुक्कामही हलला. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मनमाड-सिकंदराबाद हा मीटर मापाचा फांटा १९०० मध्यें खुला झाला. नांदेडास नदीच्या घाटाजवळ उतरणारा मनुष्य आतां स्टेशनावर उतरूं लागला. लातुराची गोष्ट निराळी. तेथें अडीच फूट मापाची बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्यें पोंचली आणि गांव धान्याची मोठी पेठ बनलें. १९१७ मध्यें आंखलेली गंजगोलाई ही वर्तुळाकार पेठ सोळा रस्त्यांच्या मिलनस्थानीं आहे. मध्यभागीं देवीचें मंदिर, सभोंवार दुकानें. परगांवचा शेतकरी गाडी भरून माल आणी, सौदा दुसऱ्या दिवशीं होई, आणि रात्र तो आडत्याच्या ओट्यावर काढी. बैल गाडीला बांधलेले, भाकरी घरून आणिलेली किंवा आडत्याच्या घरची. कौटिल्यानें सांगितलेली ‘धंद्याच्या जागीं वस्ती’ ती हीच. या ओट्यांस कोणी ऐतिहासिक उतारस्थान म्हणणार नाहीं. पण विसाव्या शतकांत लातुरांत रात्र काढणारांची संख्या मोजली तर कोणतीही धर्मशाळा त्यांच्यापुढें फिकी पडेल. पुढें १९८२ मध्यें लातूर स्वतंत्र जिल्हा झाला, आणि आतां तर त्या शहरांत परगांवचे विद्यार्थीच हजारोंनीं खोल्या घेऊन राहतात. आम्ही हयात शिक्षकी पेशांत घालविली असल्यानें हा उतारू आम्हांस विशेष ओळखीचा.

राहतां राहिल्या जुन्या इमारती. औसा, निलंगा व उमरगा या बाजूस घर म्हणजे दगड व माती यांच्या दोन-अडीच हात जाडीच्या भिंती आणि वर मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत आंत गारवा, हिवाळ्यांत ऊब. चावड्या, मठ, धर्मशाळा बहुतेक याच घडणीच्या. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे, किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला, तेव्हां हीच घडण घातक ठरली. चुन्याचा बंध नसलेल्या भिंती फांकल्या व माळवदें खालीं आलीं. सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. त्या अनर्थापुढें कागदपत्रांची गोष्ट काढणें संकोचाचें वाटतें. तरी त्या ढिगाऱ्यांत कुलकर्ण्यांचीं दप्तरें व मठांचीं बासनेंही गेलीं हें नमूद करणें आपल्या शाखेस प्राप्त आहे. नांदेडास २००८ मध्यें गुरुगद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त रस्ते रुंद झाले व नवीं यात्रीनिवासें उठलीं. लाखों यात्रेकरूंस त्यांची गरज होती, त्याविषयीं तक्रार नाहीं. तथापि जुन्या गांवची ठेवण त्यामुळें ओळखूं येईनाशी झाली आहे.

भिंती गेल्या तरी कागद वाचवितां येतात. या भागांतील एका जुन्या धर्मशाळेच्या उतारूंच्या वह्या पाहण्याच्या हेतूनें आम्ही गेलों होतों; नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. त्या वह्या रंगकामाच्या वेळीं रद्दींत घातल्याचें तेथील व्यवस्थापकानें अत्यंत सौजन्यानें सांगितलें. त्यांत गैर कांहीं झालें असें त्यास वाटत नव्हतें, आणि त्यास बोल लावण्यांत अर्थ नाहीं. कारण आपणच आजवर वही आणि पोथी यांत सोंवळें-ओंवळें पाळीत आलों आहों. संस्कृत ग्रंथाची फाटकी प्रत आपण डोक्यावर घेतों आणि त्याच कपाटांतील हिशेबाची वही उघडूनही पाहत नाहीं.

ज्यांस अशी वही अद्याप मिळेल त्यांच्यासाठीं थोडें वाचनाविषयीं सांगतों. निजामी अमलांतील वह्या बहुधा मोडींत, कचेरीशीं संबंध असलेल्या उर्दूंत असतात. कारण १८८४ पासून उर्दू ही राज्याची कारभारी भाषा होती. काळ फसली सनाचा. हैदराबादचें फसली वर्ष ऑक्टोबरांत आजूर महिन्यानें सुरू होई, आणि पुढें दै, बहमन, इस्फंदार असे इराणी महिने चालत. आजूरापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेस फसली सनांत ५९० आणि जानेवारीपासून पुढें ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. उदाहरणार्थ, फसली १३५७ चा आरंभ ऑक्टोबर १९४७ मधील. हें ध्यानांत न घेतल्यास उतारूचा मुक्काम एक वर्षानें मागेंपुढें होतो. गांवांचीं नांवें उच्चाराप्रमाणें लिहिलेलीं असतात. तीं तशींच उतरून घ्यावींत, सुधारूं नयेत. ‘कोठून आले’ व ‘कोठें जाणार’ हे रकाने असतील तर तेच त्या वहीचें सोनें. त्यांवरून वाट काढतां येते.

वही मुळींच नसेल तेथें पोथीकडूनच काम घ्यावें. समाप्तिलेखांत शक, संवत्सर, मास, तिथि व स्थळ असतात. एकाच हस्ताक्षरांतील मोठ्या ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रकरणांच्या शेवटीं तिथी दिल्या असतील आणि त्या आषाढापासून कार्तिकापर्यंत पसरल्या असतील, तर ती नक्कल चातुर्मासाच्या मुक्कामांत झाली असावी असा तर्क करण्यास जागा आहे. कारण संन्याशी व यात्रिक त्या चार महिन्यांत एका ठिकाणीं राहत. लेखक स्थानिक गृहस्थ असल्यास त्याच्या तिथी अशा आटोपशीर येण्याचें कारण नाहीं. अर्थात् हा तर्क, सिद्धांत नव्हे. स्थळ म्हणून केवळ ‘गोदातीर’ एवढेंच लिहिलें असेल व घराचा किंवा यजमानाचा उल्लेख नसेल, तर त्या तर्कास थोडी पुष्टि मिळते.

आणखी एक. पोथीचा रुमाल सोडतांना आंत जे कपटे निघतात ते झटकून टाकूं नयेत. त्यांत वाटखर्चाच्या यादी असतात : पीठ, मीठ, सरपण, तेल, बैलांचा कडबा, आणि नदीकांठच्या गांवीं ‘उतराई’. उतराई म्हणजे नावेचें भाडें. उपकार फेडण्याचा अर्थ त्या शब्दास नंतर आला असावा. अशा यादींत सरपण व पीठ दोन-तीन दिवस सलग आलें, आणि त्यानंतर उतराई आली, तर धनी नदीला उतार मिळेपर्यंत अलीकडच्या तीरीं थांबला होता असें समजावें, आणि त्या यादीची तिथि पोथीच्या तिथीशीं ताडून पाहावी.